स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क एफपीजीएवर उतरवताना: आधी वजने मोजा, मग न्यूरॉन

स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क म्हणजे एकमेकांना क्षणिक संकेत, म्हणजे स्पाइक, पाठवणाऱ्या न्यूरॉनचे जाळे, आणि एफपीजीए म्हणजे आतले सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप. स्पाइकिंग न्यूरॉन समजायला गळकी बादली पुरते. बाहेरून आलेली प्रत्येक स्पाइक बादलीत ठरावीक पाणी ओतते, तळाच्या भोकातून ते थोडे थोडे गळत राहते, आणि पाणी खुणेपर्यंत चढले की न्यूरॉन स्वतः एक स्पाइक सोडतो व बादलीतून खुणेइतके पाणी उपसले जाते. पाण्याची पातळी म्हणजे विभव, खूण म्हणजे उंबरठा, आणि कोणत्या जोडणीतून किती पाणी पडणार ते म्हणजे वजन. वजन उणे असेल तर ती स्पाइक पाणी काढून घेते. पातळी शून्याच्या खालीही जाते, तिथे मात्र बादलीची उपमा सोडून द्यावी लागते.

या कल्पनेची मुळे लुई लापिक यांच्या १९०७ च्या कामात आहेत. मेंदूच्या जास्त जवळ जाणारी मॉडेलेही आहेत: हॉजकिन आणि हक्सली यांचे १९५२ चे, इझिकेविच यांचे २००३ चे. पहिल्यात चार विकलक समीकरणे सोडवावी लागतात, दुसऱ्यात विभवाचा वर्ग करावा लागतो. जीवशास्त्राचा अभ्यास करायचा नसेल, तर पहिल्या प्रोटोटाइपसाठी या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. गळकी बादलीच घ्यावी.

एफपीजीएला हे काम मानवते, कारण स्पाइक असते किंवा नसते. साध्या नेटवर्कमध्ये प्रत्येक जोडणीवर आलेल्या संख्येला वजनाने गुणावे लागते. इथे स्पाइक आली तर वजन मिळवायचे, नाही आली तर काहीच करायचे नाही. गुणाकार गेला, बेरीज उरली, आणि बेरजेची सर्किट्स एफपीजीएत हवी तितकी मिळतात. २०१४ चा ट्रूनॉर्थ किंवा २०१८ मध्ये तपशिलासह प्रसिद्ध झालेला लोइही हे चिप याच विचारावर उभे आहेत. फरक इतकाच, की त्यांची रचना सिलिकॉनमध्ये कायमची गोठलेली आहे, आणि एफपीजीएवर चूक सापडली तर दुपारपर्यंत नवा बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमध्ये भरायची सर्किटची फाइल, तयार होतो.

हिशेब कुठून सुरू करायचा

नवखा माणूस हमखास विचारतो, ‘या बोर्डावर किती न्यूरॉन बसतील?’ या प्रश्नातून फारसे काही हाती लागत नाही. न्यूरॉन म्हणजे एक बेरीज, एक तुलना आणि वीसेक बिटांचा साठा. जागा खातात ती वजने.

खरे आकडे घेऊन पाहू. आर्टिक्स-७ कुटुंबातल्या ३५टी या चिपमध्ये २०,८०० लुकअप टेबल (तर्काचे छोटे घटक), ९० डीएसपी (गुणाकाराचे तयार घटक) आणि प्रत्येकी ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक रॅम (चिपमधली स्मृती) असतात. बेसिस ३ आणि आर्टी ए७ या शिकाऊंच्या आवडत्या बोर्डांवर हीच चिप १०० मेगाहर्ट्झ क्लॉकसह मिळते. हस्तलिखित अंक ओळखण्याचे नेहमीचे उदाहरण घ्या: २८ × २८ म्हणजे ७८४ इनपुट, मधल्या थरात १२८ न्यूरॉन, शेवटी १०. न्यूरॉन जेमतेम १३८ झाले. वजने मात्र ७८४ × १२८ म्हणजे १,००,३५२, अधिक १,२८०, एकूण १,०१,६३२. एकेक वजन ८ बिटांचे धरले तरी ८,१३,०५६ बिट होतात. म्हणजे ५० पैकी २३ ब्लॉक रॅम फक्त वजनांना गेले, आणि तेही एक बिट वाया न घालवता भरले तर.

इथे एक फुकटचा फायदा आहे. ३६ किलोबिटचा ब्लॉक १०२४ ओळी × ३६ बिट असा वापरता येतो. ३६ हा विचित्र आकडा पॅरिटी, म्हणजे चूक पकडण्याच्या जादा, बिटांमुळे आला आहे, पण ते बिट साध्या डेटासाठीही वापरता येतात. एका ओळीत ८ बिटांची चार वजने ठेवली तर ४ बिट वाया जातात. ९ बिटांची चार ठेवली तर एकही जात नाही. तेव्हा या चिपवर ९ बिटांची वजने घेणे शहाणपणाचे: अचूकता दुप्पट, जागा तितकीच.

मांडणी अशी करावी. प्रत्येक इनपुटसाठी सलग ३२ ओळी, प्रत्येक ओळीत चार न्यूरॉनची वजने, म्हणजे १२८ न्यूरॉनची पूर्ण रांग. एकूण ७८४ × ३२ = २५,०८८ ओळी, किमान २५ ब्लॉक. सर्किट तयार करणारे सॉफ्टवेअर साधन ते कसे जोडते यावर आणखी काही ब्लॉक लागू शकतात. ३२ ही दोनाची घात असल्यामुळे पत्ता काढायला गुणाकार लागत नाही. इनपुटचा १० बिटांचा क्रमांक आणि ओळीचा ५ बिटांचा क्रमांक शेजारी शेजारी ठेवले की १५ बिटांचा पत्ता तयार.

आता वेळ. चार बेरीज-सर्किट्स एकाच वेळी चालली, तर एक इनपुट स्पाइक पचवायला क्लॉकचे ३२ ठोके लागतात. या अंकांच्या संचात पिक्सेलची सरासरी तीव्रता सुमारे ०.१३ आहे. म्हणून तीव्रतेच्या प्रमाणात स्पाइक सोडल्या तर एका पावलाला, म्हणजे वेळेच्या एका तुकड्यात, साधारण १०० येतात. १०० × ३२ म्हणजे ३,२०० ठोके, शेवटी सर्व न्यूरॉनवरून एक फेरी ३२ ठोक्यांची. एक पाऊल ३३ मायक्रोसेकंदांच्या आत संपते. २५ पावले दिली तर पूर्ण चित्र सुमारे ०.८ मिलिसेकंदात होते. १२८ बेरीज-सर्किट्स एकदम चालवून हे आणखी बत्तीस पट वेगवान करता येईल, पण मग एका ठोक्याला १२८ × ९ = १,१५२ बिट वाचावे लागतील, म्हणजे एकाच वेळी ३२ ब्लॉक समांतर लागतील. पहिल्या प्रयत्नात त्याची गरज नाही.

एका पावलात काय घडते

स्पाइक चिपमध्ये तारेवरच्या टिचकीसारखी फिरत नाही. ‘इनपुट क्रमांक ४१२ ने आत्ता स्पाइक दिली’ एवढा निरोप, म्हणजे ४१२ हा आकडा, फिफो, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर अशा, रांगेत टाकला जातो. पत्ता पाठवण्याची ही पद्धत न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूच्या धर्तीवरच्या, हार्डवेअरमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रुळली आहे. पाऊल संपल्याची खूण म्हणून रांगेत १०२३ घालावे. खरे पत्ते ७८३ लाच संपतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.

नियंत्रक रांगेतून पत्ता काढतो, त्या इनपुटच्या ३२ ओळी एकामागून एक वाचतो आणि वजने त्या त्या न्यूरॉनच्या विभवात मिळवतो. खूण दिसली की शेवटची फेरी सुरू: विभव उंबरठ्याइतका किंवा जास्त असेल तर स्पाइक नोंदवायची, विभवातून उंबरठा वजा करायचा आणि मग पुढच्या पावलासाठी गळती करून परत ठेवायचे. उंबरठ्याची तुलना या फेरीतच करायची. प्रत्येक बेरजेनंतर तुलना केली, तर एकाच पावलातल्या स्पाइक कोणत्या क्रमाने आल्या यावर उत्तर बदलू लागते, आणि सॉफ्टवेअरशी ते कधीच जुळत नाही.

दुसऱ्या थराची रांग वेगळी हवी. पहिल्या थराने या पावलात सोडलेल्या स्पाइक दुसऱ्या थराने याच पावलात मोजायच्या की पुढच्या, हे आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. दोन्ही चालते, पण प्रशिक्षणात जे केले तेच इथे हवे. रांगेची खोली सरासरीवर ठरवू नये. पूर्ण पांढरे चित्र आले तर ७८४ स्पाइक एकदम येतील, म्हणून १०२४. शिवाय रांग भरून एखादी स्पाइक सांडली तर एकदा चढला की न उतरणारा झेंडा ठेवून तो एलईडीवर आणावा. सांडलेली स्पाइक कुठेही त्रुटी दाखवत नाही, फक्त अचूकता थोडी घसरते, आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

विभवांचा साठा लहान आहे: ३२ ओळी × चार. तो ब्लॉक रॅममध्ये न ठेवता लुकअप टेबलांच्या रॅममध्ये ठेवावा.

दशांश अपूर्णांकांतून पूर्णांकांत

प्रशिक्षण संगणकावर, फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते. स्पाइक ही पायरी आहे, तिचा उतार शून्य, म्हणून चूक मागे नेत वजने सुधारताना तिच्या जागी एखादा गुळगुळीत वक्र धरतात. या युक्तीला सरोगेट ग्रेडियंट म्हणतात. त्यात इथे शिरत नाही. हार्डवेअरवाल्याला त्यातून दोन गोष्टी हव्यात: वजने, आणि गळतीचा असा गुणांक जो शिफ्टने करता येईल. १/१६ गळती म्हणजे विभव चार बिट उजवीकडे सरकवून मूळ विभवातून वजा करणे, गुणाकार नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या वेळीच गुणांक ०.९३७५ ठेवा. ०.९५ वर शिकवून नंतर ‘जवळपास तेच’ म्हणून शिफ्ट लावला, तर त्या जवळपासची किंमत २५ पावलांत साचत जाते.

वजने पूर्णांकात आणणे इथे साध्या नेटवर्कपेक्षा सोपे आहे, आणि ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. साध्या नेटवर्कमध्ये थराचे उत्तर पुढच्या थराच्या मापात आणायला पुन्हा एक गुणाकार लागतो. इथे थरातून बाहेर पडते ती फक्त स्पाइक, तिला मापच नाही. त्यामुळे प्रत्येक थराला वेगळे माप देता येते. अट एकच, उंबरठाही त्याच मापाने वाढवायचा. समजा थरातले सर्वांत मोठे वजन ०.८३ आहे. ९ बिटांत −२५६ ते २५५ बसते, म्हणून माप २५५ ÷ ०.८३, सुमारे ३०७. सगळी वजने ३०७ ने गुणून पूर्णांक करा आणि १.० चा उंबरठा ३०७ करा. एखादेच वजन इतरांपेक्षा फार मोठे असेल तर त्याच्यासाठी सगळ्यांचे माप आकसते. तेवढे वजन छाटून टाकलेले बरे.

विभवाला २० बिट द्यावेत, त्यातले खालचे ६ अपूर्णांकासाठी. ते ६ बिट ही चैन नाही. गळतीचा शिफ्ट पूर्णांकांवर केला की विभव १५ वर आला की १५ ÷ १६ चा भाग शून्य येतो आणि गळती थांबते. ३०७ च्या उंबरठ्यापैकी जवळपास ५ टक्के पाणी बादलीत कायम राहते. उणे बाजूला उलटे घडते. −१ उजवीकडे सरकवला तरी −१ च राहतो, म्हणून उणे विभव शून्यापर्यंत नीट येतो. परिणामी सगळे नेटवर्क किंचित अधिकच्या बाजूला झुकते. ६ अपूर्णांक बिट असले की हीच अडचण वजनाच्या एका एककाच्या पाव भागाहून लहान होते. त्यावर सरकवण्यापूर्वी ८ मिळवले की दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात.

उरलेल्या १४ बिटांत चिन्हासह −८,१९२ ते ८,१९१ बसते, उंबरठ्याच्या सव्वीस पट. तरीही दोन्ही टोकांना सीमा घालणे आवश्यक आहे. वरच्या टोकाला उंबरठा आहे, पण खालच्या टोकाला आपोआप थांबवणारे काहीच नाही. सतत उणे वजने मिळणारा न्यूरॉन खोल जात राहतो आणि सीमा नसेल तर एका क्षणी उलटून मोठी अधिक संख्या होतो. आतापर्यंत गप्प असलेला न्यूरॉन मग अचानक सलग स्पाइक सोडू लागतो. मात्र सीमेलाही एक खोड आहे: पावलाच्या मध्येच सीमा लागली तर बेरजेचा क्रम महत्त्वाचा ठरतो. म्हणून रुंदी इतकी ठेवावी की सीमा क्वचितच लागेल.

हमखास घोळ होणाऱ्या जागा

सगळ्यांत आधी संगणकावर पूर्णांकांचे नेमके तेच मॉडेल लिहा: त्याच रुंदीचे, त्याच शिफ्टचे, त्याच सीमांचे. फ्लोटिंग पॉइंट मॉडेलशी हार्डवेअरची तुलना करण्यात अर्थ नाही. तिथे फरक असणारच, आणि कोणता फरक चुकीचा ते कळणार नाही. पूर्णांक मॉडेलशी मात्र प्रत्येक स्पाइक जुळलीच पाहिजे. पाऊल आणि न्यूरॉनचा क्रमांक अशा दोन स्तंभांच्या याद्या दोन्हीकडून काढायच्या आणि पहिला फरक जिथे दिसेल तिथे थांबायचे. त्याच्या पुढचे सगळे फरक पहिल्याचेच परिणाम असतात. पायथनमध्ये उजवीकडचा शिफ्ट खालच्या पूर्णांकाकडे जातो, पण भागाकार करून पूर्णांकात बदलले तर तो शून्याकडे जातो. उणे विभवावर हे दोघे वेगळे उत्तर देतात.

वेरिलॉगमध्ये, म्हणजे सर्किट लिहिण्याच्या भाषेत, सर्वांत जास्त फसवते ते चिन्ह. ३६ बिटांच्या ओळीतून ९ बिटांचा तुकडा काढला की तो तुकडा बिनचिन्हाचा मानला जातो, मूळ ओळ चिन्हासह जाहीर केलेली असली तरीही. −१ चे मग ५११ होतात, दडपणारी सगळी वजने उत्तेजक बनतात आणि पहिल्या पावलातच सगळा थर पेटतो. तुकड्याचे स्पष्टपणे चिन्हासह रूपांतर करावेच लागते. एका समीकरणात एक जरी बिनचिन्हाचा घटक आला तरी सगळे समीकरण बिनचिन्हाचे होते, आणि तीन बाणांचा शिफ्ट (>>>) सुद्धा चिन्ह राखत नाही.

वजनांची फाइल सापडली नाही तर अनेकदा सिंथेसिस, म्हणजे कोडपासून सर्किट बनवण्याचे काम, थांबत नाही, फक्त इशारा देऊन पुढे जाते. वजने शून्य, मग कोणताच न्यूरॉन कधी स्पाइक देणार नाही हे साधनाला कळते आणि ते अर्धे सर्किटच उडवून टाकते. अहवालात लुकअप टेबलांचा आकडा आश्चर्यकारकरीत्या कमी दिसला तर आनंद मानू नका, आधी इशारे वाचा. आकडा प्रचंड वाढला असेल तर कारण उलटे: वजनांचे वाचन क्लॉकशिवाय लिहिले आहे, किंवा रॅमला रीसेट जोडला आहे. ब्लॉक रॅमला यातले काहीच जमत नाही, म्हणून साधन ती सगळी वजने लुकअप टेबलांत कोंबू पाहते.

रीसेटवरून आणखी एक. रीसेटचे बटण दाबल्याने रॅममधला मजकूर पुसला जात नाही. पहिले चित्र बरोबर ओळखले, पुढची थोडी थोडी चुकली, असे दिसले तर आधीच्या चित्राचे विभव शिल्लक आहेत असे समजावे. प्रत्येक चित्रापूर्वी ३२ ठोक्यांची शून्य भरण्याची फेरी लावली की प्रश्न मिटतो.

पाइपलाइनचा, म्हणजे काम टप्प्यांत विभागून एकामागून एक चालवण्याचा, घोळ दुसऱ्या थरात उघडा पडतो. वजन वाचणे, मिळवणे, सीमा तपासणे, परत लिहिणे, असे चार टप्पे धरले, तर लिहिलेले विभव चार ठोक्यांनी उपलब्ध होते. पहिल्या थरात त्याच ओळीची पाळी ३२ ठोक्यांनी येते, म्हणून काही बिघडत नाही. शेवटच्या थरात १० न्यूरॉन म्हणजे तीनच ओळी. चौथ्या ठोक्याला पहिली ओळ पुन्हा वाचली जाते आणि जुनेच विभव हाती येते. सर्किट तेच, कोड तोच, पण एक थर बरोबर आणि दुसरा चूक. सोपा उपाय: त्या दहा न्यूरॉनचे विभव रॅमऐवजी थेट रजिस्टरमध्ये ठेवा.

यादृच्छिक स्पाइक तयार करायला १६ बिटांचा एलएफएसआर, म्हणजे यादृच्छिक दिसणारे आकडे देणारे शिफ्ट रजिस्टर, लावतात. १६, १५, १३ आणि ४ या जागांवरून टॅप घेतले तर ६५,५३५ अवस्थांचे पूर्ण चक्र मिळते. सुरुवात शून्यापासून करू नका, तो तिथेच अडकतो. दर पिक्सेलला तो एकच पाऊल पुढे नेला, तर शेजारच्या पिक्सेलना मिळणाऱ्या ८ बिटांच्या संख्यांत ७ बिट सामाईक असतात आणि शेजारी पिक्सेल एकमेकांच्या तालावर स्पाइक देतात. एका ठोक्यात ८ पावले पुढे नेणारे तर्कजाल लिहावे. संगणकावरच्या मॉडेलमध्येही हाच एलएफएसआर, हेच बीज.

शेवटी, बरोबरी. दोन आउटपुट न्यूरॉनच्या स्पाइक सारख्याच झाल्या तर पायथनची नमपाय लायब्ररी पहिला निवडते. हार्डवेअरमध्ये तुलना ‘मोठा किंवा समान’ अशी लिहिली तर शेवटचा निवडला जातो.

मोजमाप

११५,२०० बॉडच्या यूएआरटी या साध्या सिरियल जोडणीवरून सेकंदाला ११,५२० बाइट जातात. ७८४ पिक्सेल पाठवायला ६८ मिलिसेकंद, आणि चिपचे काम ०.८ मिलिसेकंदाचे. बाहेरून घड्याळ लावले तर मोजमाप केबलचे होते. म्हणून चिपच्या आतच ठोके मोजणारा काउंटर ठेवावा आणि उत्तराबरोबर तोही परत पाठवावा. चाचणीची १०,००० चित्रे या वेगाने साडेअकरा मिनिटांत होतात, तेवढे चालते. वजनेही याच तारेतून भरण्याची सोय केली तर दहाएक सेकंदांत नवे नेटवर्क चढते आणि दरवेळी सिंथेसिसची वाट पाहावी लागत नाही.

विजेच्या बचतीचा दावा करण्याआधी एक बेरीज करून पाहावी. साधे नेटवर्क पहिल्या थराची १,००,३५२ वजने चित्रामागे एकदा वाचते. आपले नेटवर्क १०० स्पाइक × १२८ न्यूरॉन × २५ पावले, म्हणजे ३,२०,००० वेळा. गुणाकार वाचले, पण रॅमचे वाचन तिप्पट झाले. स्थिर चित्रे स्पाइकमध्ये बदलून देण्यात हा तोटा अंगभूत आहे. पावले सात किंवा त्याहून कमी केली, किंवा प्रत्येक पिक्सेलला एकदाच आणि तीव्रतेनुसार लवकर-उशिरा स्पाइक देऊ दिली, तर गणित उलटते. इव्हेंट कॅमेऱ्यासारखा सेन्सर असेल, जो बदल झालेल्या पिक्सेलचाच पत्ता पाठवतो, तर बदलण्याची पायरीच उरत नाही. त्याचे पत्ते सरळ फिफोत जातात.

चिपवरच शिकवायचे असेल, म्हणजे स्पाइकच्या आगेमागे येण्यावरून वजने बदलायची असतील, तर वरची सगळी मांडणी आडवी येते. इनपुटची स्पाइक आली की एक रांग वाचायची, ती सलग ३२ ओळींत आहे. पण आउटपुट न्यूरॉनने स्पाइक दिल्यावर त्याच्याकडे येणारी सगळी ७८४ वजने बदलायची असतात, आणि ती ७८४ वेगवेगळ्या रांगांत एकेक विखुरलेली आहेत. प्रत्येक ओळ वाचून, चारातले एकच वजन बदलून परत लिहायला निदान ७८४ ठोके जातात. ब्लॉक रॅमला दोन पोर्ट असतात, त्यामुळे एकावरून वाचत दुसऱ्यावरून लिहिता येते. तरीही एका पावलात किती न्यूरॉनना स्पाइक देऊ द्यायची यावर मर्यादा घालावीच लागते. बहुतेक रचनांत सर्वांत जास्त विभव असलेला एकच न्यूरॉन जिंकतो आणि बाकीच्यांना दाबतो.